मेद, उष्णता आणि प्रतिकारशक्ती
(वार्षिक संमेलनातील भाषण)



व्यायामाचा विषय निघाला की आपल्यातील सडपातळ मंडळी निर्धास्त असतात. 'आम्हांस मेदच कोठे आहे?' असे ती विचारतात. त्यांच्यासाठी २००४ सालची एक हकीकत सांगतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छायाचित्रासह प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु यंत्राने मोजता युडकिनांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के भरला! युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचे धावणे, त्यांच्याच विनोदी कबुलीप्रमाणे, रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी ती गाठण्यापुरते. आनुवंशिकता व गर्भावस्थेतील पोषण यांचाही वाटा असू शकेल, असे त्यांनी म्हटले आहेच.

हा मेद आतड्यांभोवती वाढला म्हणजे स्वस्थ पडून राहत नाही. त्यात शिरलेल्या पांढऱ्या पेशी दाहकारक द्रव्ये सोडतात. शत्रू नसताना प्रतिकारशक्ती लढत राहते, आणि मधुमेह व हृदयविकार यांना वाट मोकळी होते. उलट, काम करणारे स्नायू हा दाह शमविणारी द्रव्ये रक्तात सोडतात, हे कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांनी दाखवून दिले. व्यायामाच्या वेळी रक्तातील रक्षक पेशींचा संचारही वाढतो.

आता उष्णतेविषयी. स्नायूंनी खर्चिलेल्या शक्तीचा सुमारे पाव हिस्साच कामी येतो. उरलेल्याची उष्णता होते, आणि ती घालविण्यासाठी घाम येतो. घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे. जाड कपडे घालून घाम गाळणाऱ्यांचे पाणीच तेवढे जाते! जळालेल्या मेदाचा बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांस आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे. भरभर चालणेही त्यात आले. श्वास वाढावा, पण बोलता यावे, इतका वेग पुरे. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांस विचारावे. आपल्या घरांतून मुलगे मैदानावर जातात, आणि सुना-लेकींची स्वयंपाकघरातील ये-जा हाच त्यांचा व्यायाम मानला जातो, याचे मला वाईट वाटते. ज्ञातीचे सभागृह सकाळी रिकामेच असते. ते रोज तासभर भगिनींच्या व्यायामासाठी उघडावे, अशी व्यवस्थापक मंडळास माझी विनंती आहे. किल्ली सांभाळण्याचे काम मी आनंदाने पत्करीन.