रायतूरची सेमिनरी

गोव्यातल्या साष्टी तालुक्यात, जुवारी नदीकाठी रायतूरचा किल्ला होता. आज त्याची वेस आणि थोडी तटबंदी उरली आहे. वेशीतून आत गेलं की जी भव्य पांढरी वास्तू दिसते, ती राशोल, म्हणजेच रायतूरची, सेमिनरी. कॅथलिक धर्मगुरू इथे घडतात.

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने तिचं मूळ कॉलेज १५७४ मध्ये बांधलं ते मडगावात. पाच वर्षांतच आदिलशाही हल्ल्यात ते उद्ध्वस्त झालं, म्हणून किल्ल्याचा आसरा घेतला गेला. १ नोव्हेंबर १६०६ रोजी पायाभरणी झाली आणि १६१० मध्ये कॉलेज इथे आलं. त्याआधी, १५६७ मध्ये, याच किल्ल्याच्या पोर्तुगीज कप्तानाने साष्टीतली देवळं पाडली होती. ती जखम वगळून रायतूरची गोष्ट सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि तरीही मराठी माणसाने रायतूरचं नाव विसरू नये. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि चाळीस वर्षांनी गोव्यातच वारला. त्याचं सुमारे अकरा हजार ओव्यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरलाच छापलं गेलं, तेही रोमन अक्षरांत. त्याचं कोकणी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, इथूनच निघालं. गावच्या पाद्रीला गावची भाषा आलीच पाहिजे, हे जेझुइटांनी ओळखलं होतं. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने कोकणीवरच बंदी घातली!

१७५९ मध्ये जेझुइटांना हाकललं गेलं आणि तीन वर्षांनी ही वास्तू धर्मप्रांताची सेमिनरी झाली. माझ्या मते रायतूरचा खरा अर्थ इथून सुरू होतो, कारण आता इथे पाद्री होण्यासाठी शिकू लागली ती गोव्याचीच मुलं. शिक्षण लांबलचक: लॅटिन, संगीत, तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान. एवढं शिकूनही वरच्या जागा गोऱ्यांकडेच. गोव्यातल्या पाद्रींच्या मनात ही सल खोल होती, आणि पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १७८७ च्या पिंटो बंडाचे अनेक पुढारी त्यांच्यातूनच निघाले. कट आधीच फुटला, अनेकांना फासावर चढवलं गेलं.

१८३५ मध्ये पोर्तुगालने गोव्यातले पुरुषांचे धर्मसंघ बंद केले. परदेशी संन्यासी निघून गेले. गावोगावची चर्चं तेव्हा बंद पडली नाहीत, कारण ती सांभाळणारे देशी पाद्री तोवर पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले होते.