परतीचे भाडे कुणाच्या हातात?

(नंदुरबार जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



शहरातले एखादे कुटुंब परदेशी राहायला जाते, तेव्हा सामान पोचवणारी कंपनी ठरवते. खोक्यांची यादी होते, विमा उतरवतात, पावती मिळते. तरीही फसवणूक होते. वाटेत जादा पैसे मागतात, सामान अडवून ठेवतात. पण त्यांच्या हातात निदान भांडायला कागद असतो. आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या बाया ऊसतोडीला सुरत, बारडोलीकडे निघतात, तेव्हा त्यांच्या हातात काय असते? मुकादमाचा शब्द, एवढेच.

नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. बाकावर जरा सरकून बसले की राज्य बदलते. आपल्याला तो परमुलुख वाटत नाही, म्हणून आपण जाण्यायेण्याचा प्रश्न कधी नीट विचारलाच नाही. मजुरीवर बोललो, उचलीवर बोललो. ट्रकवर बोललो नाही.

हा ट्रक कुणाचा, ते पाहा. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा नवरा मुकादमाकडून उचल घेतो. हिशेब कोयत्याचा, म्हणजे जोडीचा. नाव मात्र नवऱ्याचे. मग एके रात्री पाड्यावर ट्रक येतो. धान्य, भांडी, कोंबड्या, गोधड्या आणि वर लेकरे घेऊन बाया. भाडे किती ते कुणी सांगत नाही. हंगाम संपल्यावर ते उचलीतून कापलेले दिसते. वाटेत काही झाले तर कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हर निघून गेलेला असतो.

कायदा काय म्हणतो? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात जाण्यायेण्याचा खर्च, प्रवासाच्या दिवसांची मजुरी आणि घर सोडून जावे लागते म्हणून वेगळा भत्ता, असे तिन्ही हक्क होते. आपल्या पाड्यांवर ते किती जणींना मिळाले, हे तुम्हीच सांगा. आता त्याच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता आली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. घर सोडण्याचा भत्ता तिच्यात उरलेला नाही. पण जिथे दहा किंवा अधिक आंतरराज्य कामगार आहेत, तिथे गावी जाण्यायेण्याचे एकरकमी भाडे मालकाने द्यायचे, हे कलम आहे. किती दिवस काम केल्यावर, वगैरे अटी आहेत. तरी मूळ गोष्ट पक्की धरा: भाडे हे मालकाचे देणे आहे, मजुराचे कर्ज नव्हे.

दुसरी गोष्ट अपघाताची. मालाच्या ट्रकमध्ये माणसे बसवणे बेकायदेशीर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात सांगितले की, मालवाहू गाडीत अशा रीतीने बसलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. म्हणजे मालकाच्या मागे लागायचे. आणि गाडीचा नंबरच कुणी लिहून ठेवला नसेल, तर मालक शोधायचा कुठे?

तिसरी गोष्ट सामानाची. तुम्ही चारपाच कुटुंबे मिळून ट्रान्सपोर्टवाल्याकडून सामान पाठवणार असाल, तर बिल्टी घेतल्याशिवाय माल चढवू नका. २००७ च्या रस्ता वाहतूक कायद्याप्रमाणे माल हरवला तर दावा करण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते, तीही माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत. बिल्टी नसेल तर नोटीस कशाच्या आधारावर देणार?

पण माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न परतीचा आहे. जाताना ट्रक वेळेवर येतो, कारण ऊस उभा असतो. परतताना तो येत नाही, कारण आता मजुराची गरज कुणाला? आणि हंगामाच्या मध्येच बाईला परतायचे असेल तर? दिवस भरत आले, लेकरू आजारी पडले, पडावावर कुणी हात धरला, नवरा दारू पिऊन मारतो. कोयता मोडतो म्हणून तिला सोडत नाहीत, आणि भाड्याचे पैसे तिच्याजवळ नसतात. बाईजवळ परतीचे भाडे नसेल, तर तिचे जाणे स्वखुशीचे होते असे कसे म्हणायचे?

म्हणून यंदा प्रत्येक पाड्यावर गटाने एक वही करावी. ट्रक निघण्यापूर्वी पाच गोष्टी लिहाव्यात: गाडीचा नंबर आणि मालक, मुकादमाचे नाव, गाव, फोन, कारखाना आणि पडावाचे ठिकाण, चढलेल्या प्रत्येक बाईचे व लेकराचे नाव, सामानासकट, भाडे कोण देणार आणि परतीची गाडी कधी. खाली मुकादमाची सही. सही द्यायला तो नाही म्हणाला, तर गाडी भरण्यापूर्वीच कळलेले बरे. वहीतल्या पानाचा फोटो गावातल्या एकीकडे राहू द्या.

उचल घेतानाच परतीच्या बसभाड्याएवढे पैसे बाईच्या हाती वेगळे द्यावेत, असा ठराव गटात करा. नवरे कुरकुरतील. कुरकुरू द्या. आणि गुजरातेत अडचण आली तर १८१ हा अभयम् हेल्पलाइनचा नंबर प्रत्येकीला तोंडपाठ हवा.

वहीने मुकादमी संपणार नाही, हे मला ठाऊक आहे. गावातच बारमाही काम हवे, ही आपली मागणी कायम आहे. पण तोवर ज्या बाया जाणार आहेत, त्यांची नावे आपल्याकडे असली पाहिजेत. कोण गेले हे लिहिलेले असेल, तरच कोण परत आले नाही हे विचारता येईल.