उभी राहिली की बंद पडणारी जीप



खेड्यापाड्यांतून अजूनही कुठे कुठे जुनी पेट्रोल जीप दिसते. महिंद्रांनी विलीजच्या नमुन्यावर बांधलेली ‘सी. जे. ३ बी’ ही त्यांतली सर्वांच्या ओळखीची. पुष्कळांनी पुढे तिच्यात डिझेल इंजिन बसवून घेतले; पण चार सिलिंडरांचे, २१९९ सी. सी. चे मूळ ‘हरिकेन’ पेट्रोल इंजिन जपून ठेवणारेही आहेत. त्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते: “गाडी रस्त्याला छान पळते हो, पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की बंद!”

ही तक्रार वाटते तेवढी किरकोळ नाही. रात्रीची वेळ, गाडीत दवाखान्यात न्यायचे माणूस, आणि घाटातल्या वळणावर वेग कमी करताच इंजिन गप्प. त्यात बॅटरी उतरलेली असली म्हणजे झालेच! यावर नेहमीचा उपाय काय, तर कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळायचा आणि इंजिनाची स्लो चाल वाढवून ठेवायची. गाडी बंद पडत नाही हे खरे. पण पेट्रोल जास्त जळते, गिअर टाकताना कुरकुर होते आणि उतारावर इंजिन गाडीला हवे तसे आवरून धरत नाही. ताप उतरला, दुखणे मात्र अंगातच राहिले.

मुळात पळणारे इंजिन उभे राहताच का बंद पडावे? या इंजिनाची स्लो चाल मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्यांची असते. चार सिलिंडर धरले तर सेकंदाला २० ठिणग्या झाल्या. या वेळी कार्ब्युरेटरमधली हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते. तिच्या खाली जोराची ओढ निर्माण होते आणि त्या ओढीने एका बारीकशा वेगळ्या वाटेने थोडे पेट्रोल येते. गाडी पळू लागली की पेट्रोल मोठ्या वाटेने येते. म्हणून पळताना दोष झाकला जातो आणि उभे राहताच उघडा पडतो. स्लोवर इंजिनाची ताकद इतकी थोडी असते की एक ठिणगी चुकली किंवा जराशी परकी हवा आत शिरली, तरी ते दम सोडते.

आता तपासणी. गाडी मोकळ्या जागी उभी करा, हॅंडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. बंद छपरीत इंजिन चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू विषारी असून त्याला वास नसतो. बिडी-काडी दूर राहू द्या. उपरण्याचे किंवा पदराचे टोक पंख्याजवळ जाऊ देऊ नका.

पहिला प्रश्न: गाडी केव्हा बंद पडते? थंड असताना, की तापल्यावर? फक्त थंडपणी पडत असेल तर चोक नीट लागतो का ते पाहा. उन्हातून लांबचा पल्ला मारल्यावरच पडत असेल, तर नळीत पेट्रोलची वाफ होत असावी. सदासर्वकाळ पडत असेल तर पुढे चला.

दुसरी पायरी ठिणगीची. डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट काळवंडले किंवा खड्डे पडलेले आहेत का? त्यांतली फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर हवी, प्लगची ०.०३० इंच, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर. प्लगही पुष्कळ सांगतो. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट पडला असेल तर कमी, आणि तेलकट ओला असेल तर सिलिंडरात ऑइल येते आहे.

तिसरी पायरी चोकची. इंजिन तापलेले असताना चोक अगदी थोडा ओढा. चाल सुधारली, तर समजा पेट्रोल कमी पडते आहे किंवा हवा जास्त होते आहे. आणखी बिघडली, तर पेट्रोलच जास्त होते आहे. मग फ्लोटची सुई गळते का आणि एअर क्लीनर धुळीने बुजला आहे का, ते बघा.

चाल सुधारली असेल तर जागा दोन. एक, इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढते. कार्ब्युरेटरच्या बुडाचे पॅकिंग, झडपेचा झिजलेला दांडा, क्रँककेसची वाफ ओढणारा व्हॉल्व्ह, आणि ज्या जीपचा वायपर इंजिनाच्या ओढीवर चालतो तिची रबरी नळी, ही संशयाची ठिकाणे. सांध्यावर साबणाचे पाणी थोडे सोडा. चाल क्षणभर सावरली तर चोर सापडला. पेट्रोल मात्र शिंपडू नका. दुसरी जागा स्लो जेट. त्यात कचरा अडकला तर जेट काढून हवेने फुंकावा. तारेने टोकरू नये, भोक मोठे होते.

इथे आजच्या काळातली एक गोष्ट सांगायला हवी. २०२५ सालापर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. ते आपल्या उसापासूनही होते, याचा आनंद आहेच. पण जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम त्यासाठी केलेले नव्हते. ते लवकर खराब होऊ शकतात. इथेनॉल पाणी ओढून घेते, टाकीतला जुना थर सोडवते, आणि तोच कचरा जेटमध्ये येऊन बसतो. म्हणून नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घाला, फिल्टर बदलत राहा, आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका.

एवढे करूनही दोष राहिला, तर टॅपेटची फट आणि सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मेकॅनिककडून तपासून घ्यावे. व्हॉल्व्हच नीट बसत नसेल तर कार्ब्युरेटर बिचारा काय करणार?

स्क्रूची पाळी सर्वांत शेवटी. इंजिन चांगले तापू द्या, चोक पूर्ण आत ढकला. मिश्रणाचा स्क्रू हळूहळू एका बाजूला फिरवा, चाल अडखळेल. दुसऱ्या बाजूला फिरवा, पुन्हा अडखळेल. या दोहोंच्या मध्ये, जिथे चाल सर्वांत सरळ वाटेल, तिथे थांबा. मग स्लोचा स्क्रू बेताने कमी करा. मिश्रणाचा स्क्रू आत घट्ट पिळू नका, सुईचे टोक खराब होते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. गावात अशी जीप असेल तर मालकाच्या संमतीने वरच्या वर्गातल्या मुलांना ही तपासणी लांबून का होईना, दाखवा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय फरक पडला तो वहीत लिहायचा, आणि मगच दुसरीला हात घालायचा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही. पुढच्या वेळी आपण पुन्हा तिथेच. शास्त्राची रीत म्हणतात ती हीच, आणि ती शिकायला प्रयोगशाळेची मोठी इमारत लागत नाही.