वाशीमच्या देवळांतली अक्षरे
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



वाशीमची वाट तुम्हांला मी दाखवावी असे नाही. सोयाबीनची, तुरीची पोती घेऊन तुम्ही तिथल्या बाजारात जाता. माल उतरतो, काटा होतो, हिशेबाची चिठ्ठी हातात पडते. मग बरोबरची बाई म्हणते, "आलोच आहोत, तर बालाजीचं दर्शन घेऊन जाऊ." हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे, आणि चांगला आहे.

आजवर तुम्ही देवळात गेलात ते हात जोडायला. आता तुम्हांला अक्षर ओळखता येते. म्हणून वाशीमच्या देवळांविषयी काय सांगितले जाते आणि काय लिहून ठेवलेले आहे, ते आज आपण निरनिराळे करून पाहू. सांगितलेले खोटेच असते, असे मी म्हणत नाही. पण सांगणे आणि लिहिणे यांत फरक आहे.

आधी गावाचे नाव घेऊ. वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. कथा अशी सांगतात, की वत्स नावाच्या ऋषीने इथे मोठे तप केले. त्याच्यासाठी सगळे देव इथे येऊन राहिले. गुल्म म्हणजे झुडूप, तसाच जमाव किंवा समूहही. वत्सगुल्माचे बोलता बोलता वच्छोम झाले, पुढे बासीम, वाशीम झाले. अकबर बादशहाच्या वेळी वऱ्हाड सुभ्यात बासीम हे एका सरकारचे मुख्य ठिकाण होते. 'सरकार' म्हणजे तेव्हाचा जिल्हाच समजा. इंग्रजांच्या अमलात वाशीमचा वेगळा जिल्हा होता, तो 1905 साली मोडून त्याचा बराच भाग अकोल्याला जोडला. 1 जुलै 1998 रोजी तो पुन्हा वेगळा झाला. म्हणजे हे जिल्ह्याचे गाव आहे ते काही आज-कालचे नव्हे.

दुसरी कथा पद्मतीर्थाची. वासुकी नावाच्या राजाला महारोग झाला होता. शिकारीला आला असता त्याने एका डबक्यात अंग धुतले आणि तो बरा झाला. मग त्याने त्या डबक्याचे मोठे तळे बांधले, तेच पद्मतीर्थ. वाशीमात अशी 108 तीर्थे होती असे म्हणतात. आता बघा, वाशीमातून मोठी नदी वाहत नाही. पैनगंगा दूर दक्षिणेला राहिली. अशा गावी बाजार भरायचा, माणसे-जनावरे जमायची, तर पाणी साठवल्याशिवाय गती नाही. तळ्याला तीर्थ म्हटले की त्यात कोणी घाण करत नाही. जुनी माणसे शहाणी होती असे मला वाटते. मात्र एक सांगून ठेवतो. महारोगावर आज पक्के औषध आहे. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते. सहा महिने किंवा वर्षभर नेमाने घ्यावे लागते. तीर्थाला जरूर जा, पण अंगावर बधिर चट्टा दिसला तर आधी दवाखान्यात जा.

तिसरे देऊळ मध्यमेश्वराचे. लंकेपासून उज्जैनवरून उत्तरेला जाणारी पृथ्वीची मध्यरेषा या देवळावरून जाते, अशी गावात समजूत आहे. शाळेतला नकाशा उघडून पाहा. उज्जैन सुमारे पावणेशहात्तर अंशांवर आहे आणि वाशीम सत्याहत्तर अंशांच्या थोडे पुढे. म्हणजे दोन्ही गावे एका उभ्या रेषेवर येत नाहीत. देवाचे यात काही उणे होत नाही. पण एवढे खरे, की जुन्या काळी वाशीम हे रेघा मोजणाऱ्यांच्या ध्यानात राहावे असे गाव होते.

हे सगळे सांगितलेले झाले. आता लिहिलेले ऐका.

1939 साली वाशीमात एक ताम्रपट उजेडात आला. तांब्याचे चार पत्रे आणि त्यांवर कोरलेली अक्षरे. विद्वानांनी तो वाचला. हा ताम्रपट वाकाटक घराण्यातला राजा दुसरा विंध्यशक्ती याने वत्सगुल्माहून दिलेला आहे. त्याला आता सुमारे सोळाशे वर्षे झाली. राजाच्या राज्याचे 37 वे वर्ष चालू होते, असे त्यात लिहिले आहे. वाशीम ही राजधानी होती, हे आपण छातीवर हात ठेवून सांगतो ते या लेखाच्या जोरावर. पुढे याच घराण्यात हरिषेण राजा झाला. त्याचा प्रधान वराहदेव याने अजिंठ्याचे 16 नंबरचे लेणे कोरवले. तेही तिथल्या भिंतीवर लिहिले आहे म्हणून कळले.

ताम्रपटात काय आहे? नांदेडकडच्या मुलखातले एक गाव राजाने काही ब्राह्मणांना दान दिले, त्याची ही सनद आहे. राजाच्या बापजाद्यांची नावे संस्कृतात आहेत. पण मुख्य मजकूर प्राकृतात आहे, म्हणजे लोकांच्या बोलीला जवळच्या भाषेत. मागे वर्गात एका आजीने विचारले होते, "मास्तर, तवा आपन लोक कोनती भाषा बोलत होतो?" आजी, त्या ताम्रपटात फुलाला 'पुप्फ' आणि दुधाला 'खीर' म्हटले आहे. तुमची-आमची मराठी अशाच बोलीच्या पोटी जन्मली.

आणि त्या सनदेतल्या सवलती ऐकण्यासारख्या आहेत. या गावात राजाच्या शिपायांनी शिरू नये. इथले दूध-फुले घेऊ नयेत. इथल्या लोकांनी राजाच्या माणसांसाठी गाई-बैल पुरवू नयेत. चामडे आणि कोळसा द्यावा लागू नये. सोने आणि धान्यही मागू नये. मीठ काढण्याचा राजाचा हक्क इथे चालू नये. खाटाही मागू नयेत!

याचा अर्थ काय झाला? ज्या गावाला अशी सनद नव्हती, त्या गावाला हे सगळे द्यावे लागत होते. शिपाई यायचा, खाट मागायचा, दूध मागायचा, बैल सोडून न्यायचा. अशा गावांची नावे कोणी तांब्यावर कोरली नाहीत. ती कोणती गावे होती? आपलीच असणार. मला हा ताम्रपट आठवतो तेव्हा दान घेणाऱ्यांपेक्षा या न लिहिलेल्या गावांचीच आठवण जास्त होते. कागद ज्याच्या हाती, त्याचे दूध वाचले.

आता बालाजीकडे येऊ. औरंगजेबाच्या अमलात मूर्तींना अपाय होऊ नये म्हणून त्या जमिनीत पुरल्या, असे सांगतात. पुढे एक घोडेस्वार तिथून जात होता. त्याच्या हातातल्या काठीने माती उकरली गेली आणि मूर्तीचे बोट दिसले. मग खणून मूर्ती काढल्या. ही झाली सांगितलेली गोष्ट. देऊळ बांधले ते भवानी काळू यांनी. नागपूरकर भोसल्यांपैकी साबाजी भोसले यांचे ते दिवाण होते. देवळाच्या खांबांवरच्या लेखात काम शके 1700 मध्ये पुरे झाल्याची नोंद आहे. आता बेरीज करा. शकाच्या आकड्यात 78 मिळवले की इसवी सन निघतो. 1700 अधिक 78 म्हणजे 1778. पाडव्यापासून शक बदलतो, म्हणून पौषाच्या सुमारास 79 मिळवावे लागतात. एवढे आले, की पंचांगातला शक आणि कोर्टाच्या कागदावरचा सन यांचा मेळ तुम्ही स्वतः घालू शकता. कोणाला विचारायला नको.

देवळाला पैसा कुठून आला? खांबावर ते लिहिलेले नाही. पण 1769 साली पेशवे आणि भोसले यांच्यात कनकापूरचा तह झाला. त्यात भोसल्यांनी पेशव्यांना वाशीम आणि बाळापूर इथे विणलेले कापड दरसाल द्यावे असे ठरले. त्या काळी वाशीमचे कापड असे नावाजलेले होते. साळी, कोष्टी मागावर बसत होते, कुणबी जमीन कसत होता, आणि वऱ्हाडचा वसूल निजाम आणि भोसले वाटून घेत होते. दिवाणाच्या थैलीत पडलेला पैसा या हातांतूनच गेला. भवानी काळूंनी तो देवाच्या कामी लावला, तळे बांधले, आश्विनात उत्सवाला हजारो माणसे जमतात, हे चांगलेच झाले. तरी खांबाला हात लावताना पाथरवटाचीही आठवण ठेवा.

पुढच्या वेळी माल विकून झाल्यावर घाई करू नका. देवळात दर्शन झाले, की पुजाऱ्यांना नीट विचारून लेख कुठे आहे ते पाहा. जुनी अक्षरे आजच्या पाटीवरच्या अक्षरांसारखी नसतात. तेल आणि रंग बसून काही बुजलेलीही असतात. आधी आकडे शोधा, ते लवकर ओळखतात. नाण्याने किंवा चाकूने खरवडू मात्र नका. बोट फिरवले तरी पुष्कळ कळते.

शेवटी कामाची एक गोष्ट. आपल्या भागात नांगराला, विहिरीच्या खोदकामाला जुनी भांडी, नाणी, पत्रे लागतात. भंगारवाला तांब्याला किलोचा भाव देतो आणि ते भट्टीत जाते. 1939 साली ते चार पत्रे भट्टीत गेले असते, तर वाशीम राजधानी होती याचा केवढा मोठा पुरावा गेला असता! असे काही सापडले तर घासू नका, वाकवू नका, विकू नका. 1878 च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या ठेव्याची खबर कलेक्टरला द्यावी लागते. तहसील कचेरीत जाऊन अर्ज द्या. कुठल्या शेतात, किती खोल, कोणत्या दिवशी सापडले ते अर्जात तुमच्या हाताने लिहा. अर्ज पोचल्याची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या, आणि तिथेच उभे राहून ती वाचा.