धवला, नार्विक आणि हळदीची वेळ

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आयोजकांनी मला ‘बोटीवरचे अनुभव’ असा विषय दिला आहे आणि पंधरा मिनिटं दिली आहेत. बोटीवरचा माणूस म्हटला की लोकांना वादळ ऐकायचं असतं, नाहीतर समुद्री चाचे. या दोन्ही गोष्टी मी घरच्या लग्नांतून इतक्या वेळा सांगितल्या आहेत की आता माझी बायको त्या माझ्यापेक्षा चांगल्या सांगते. जेवणाच्या वेळी तिच्याकडूनच ऐका. मी आज गाण्याबद्दल बोलणार आहे. हसू नका. शाळेच्या प्रार्थनेतही मला शेवटच्या रांगेत का उभं करायचे ते इथे बसलेल्या सरांना चांगलं आठवत असेल.

दहावीनंतर मी आयटीआयला फिटरचा कोर्स केला, काही वर्षं इकडेतिकडे काढली आणि पुढे सीडीसी काढून मालवाहू बोटीवर फिटर म्हणून लागलो. २००९च्या फेब्रुवारीत आमची बोट नार्विकला होती. नॉर्वेच्या पार वरच्या टोकाकडे, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे हे बंदर आहे. शेजारच्या स्वीडनमधल्या किरुनाच्या खाणीतून लोखंडाचं खनिज रेल्वेने तिथे येतं आणि बोटीत भरलं जातं. इतक्या उत्तरेला असूनही तिथलं पाणी गोठत नाही, कारण अटलांटिकचा उबदार प्रवाह किनाऱ्याला लागून जातो. म्हणून तर ते बंदर झालं. बाकी गाव म्हणजे डोंगर, बर्फ आणि पंधरा हजारांच्या आसपास माणसं. दुपारी चारच्या आत अंधार. डेकवर पाना हातात धरला की मोज्यातूनही बोटं बधिर व्हायची.

६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी सीमेन्स क्लबची एक बाई व्हॅन घेऊन धक्क्यावर आली. गावात गाण्याचा कार्यक्रम आहे, कुणाला यायचंय का, म्हणाली. आम्ही तिघं गेलो: मी, एक फिलिपिनो ऑइलर आणि केरळचा मेसमन. खरं सांगायचं तर गाण्यासाठी कुणीच गेलं नाही. बोटीवरून उतरायला मिळतंय आणि हॉलमध्ये हीटर आहे, एवढ्यावर आम्ही तयार झालो.

सभागृह छोटंसंच होतं. बाहेर शंभर-दीडशे जाडजूड कोट एका रांगेत टांगलेले, कुणाचाही पहारा नाही. म्हाताऱ्या बायका, शाळेतली पोरं, कडेवरची बाळं. बऱ्याच जणांनी निळे-लाल काठाचे पोशाख घातले होते. त्या बाईने सांगितलं की आज सामी लोकांचा राष्ट्रीय दिवस. सामी म्हणजे तिथले मूळ रहिवासी, रेनडिअर पाळणारे, मासेमारी करणारे. १९१७ साली याच तारखेला त्यांची पहिली मोठी परिषद भरली होती. त्यांचा झेंडा मात्र अलीकडचा, १९८६चा. म्हणजे आपण दहावीच्या परीक्षेला बसलो त्या वर्षाचा.

आधी गिटार आणि कीबोर्ड घेऊन तरुण मुलं गायली. बरं होतं. मग सत्तरीच्या पुढची एक बाई मंचावर आली. वाद्य नाही. माइक तिने हाताने बाजूला केला आणि ती गायला लागली. शब्द फार थोडे. एकच ओळ गोल गोल फिरत राहायची, कधी सुरू झाली कळायचं नाही आणि संपली तेव्हा मध्येच तोडल्यासारखी संपली. आवाज घशाच्या आतून येणारा, थोडा फाटलेला. सभागृहात पोरंसुद्धा गप्प.

आणि माझ्या अंगावर काटा आला, तो थंडीचा नव्हता. हा आवाज मी ऐकलेला होता. माझ्या आजीचा होता तो.

आपल्यातल्या अर्ध्याअधिकांना माझी आजी आठवत असेल, कारण आपल्यातल्या अर्ध्याअधिकांच्या काका-मामांची लग्नं तिने लावलेली आहेत. ती धवलारीण होती. ज्यांची पोरं आता शहरात वाढली त्यांच्यासाठी सांगतो: आपल्या आगरी लग्नात भटजी नंतर आला, आधी धवलारीण. मांडव पडल्यापासून, हळद, घाणा, नवरा-नवरीची आंघोळ, प्रत्येक विधीला तिचा धवला. ती गाऊन देवांना लग्नाला बोलावणार. गावदेवीला, कुळाच्या देवाला, डोंगरावरच्याला, पाण्यातल्याला, ज्याचं त्याचं नाव घेऊन. ते झाल्याशिवाय विधी पुढे सरकणार नाही. हे नुसत्या आगऱ्यांतच नाही, कोळ्यांत, कुणब्यांत, वरच्या बाजूला वारल्यांतही आहे. रात्रभर गायची ती. सकाळी घसा बसलेला, ओटीत तांदूळ आणि नारळ, आणि त्याच पायांनी शेतावर.

आणि मला तिची लाज वाटायची.

हे आज इथे बोलणं सोपं नाही, पण आज नाही तर कधी बोलणार? आठवीत-नववीत असताना कुणी वर्गात तिची नक्कल केली की मीच सगळ्यांत मोठ्याने हसायचो, म्हणजे आपलं तिच्याशी काही नातं नाही असं दिसावं. आपल्याला मराठीच्या तासाला महदंबा शिकवली होती. मराठीतली आद्य कवयित्री, महानुभाव पंथाची, तेराव्या शतकातली, तिचे ‘धवळे’ म्हणजे लग्नाची गाणी. रुक्मिणीच्या लग्नाचं वर्णन. मी ते पाठ करून उत्तर लिहिलं आणि मार्क मिळवले. त्याच रात्री दोन घरं पलीकडे माझी आजी धवला गात होती, आणि हा शब्द आणि तो शब्द एकच आहे हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. सातशे वर्षं चालत आलेली वस्तू पुस्तकात असली की अभ्यास, घरात असली की अडाणीपणा.

त्या वेळचं वातावरणही आठवा. आपण आठवीत होतो तेव्हा, १९८४च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला या भागात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील आपल्याच गावचे. जमिनीचा लढा आपण घरातून, ओट्यावरून, मोठ्यांच्या चपलांच्या ढिगातून बघितला. शेत गेलं, खार गेली, मिठागरं गेली. १९८९ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. पुढे साडेबारा टक्क्यांचे प्लॉट आले आणि ज्यांचे आले त्यांच्याकडे पैसेही आले. मोठी माणसं जमीन वाचवत होती, ते बरोबरच होतं. गाणं वाचवायला कुणाला सुचावं? गाण्याला सातबारा नसतो. त्याची नोटीस येत नाही, मोजणी होत नाही, आणि गेलं तरी मोर्चा निघत नाही.

माझं लग्न १९९६ला झालं. पैसे होते, हौस होती. मी ऑर्केस्ट्रा आणला होता. इथे बसलेले चार-पाच जण त्या रात्री नाचत होते, ते आता खाली बघतायत. हळदीच्या रात्री आजी पाट सरकवून बसली, पदर डोक्यावर घेतला आणि सुरू झाली. तिचं देव बोलावणं अर्ध्यावर आलं असेल, तेवढ्यात ऑर्केस्ट्रावाल्याने मला खूण केली की साडेदहा झाले, आम्हाला वेळ कमी पडेल. मी जाऊन आजीच्या कानात म्हणालो, “आजी, आता पुरे ना.”

ती थांबली. रागावली नाही. पाट भिंतीला लावून ठेवला आणि आत जाऊन बसली. अर्धे देव आले असतील माझ्या लग्नाला, अर्धे रस्त्यातच राहिले. त्यानंतर घरातल्या लग्नांत तिला बोलवलं तरी ती म्हणायची, “घसा नाय रं आता.” घसा होता. २००३ला ती गेली तेव्हा मी बोटीवर होतो.

तर नार्विकला मी त्या खुर्चीत बसलो होतो आणि समोर ती बाई गात होती.

मध्यंतरात कॉफी घेताना मी क्लबवाल्या बाईला विचारलं की हे काय होतं. तिने सांगितलं, याला योइक म्हणतात. एखाद्या माणसाबद्दल गाणं आणि त्या माणसाला योइक करणं यात ते फरक करतात. योइक केलं की तो माणूस तिथे आलाच असं समजायचं. तिनेच सांगितलं की मिशनऱ्यांनी एके काळी हे गाणं पापाचं ठरवलं होतं, शाळांमधून सामी भाषाच बंद केली होती, आणि आज मंचावर गाणारी ती बाई लहानपणी घराबाहेर कधी गायली नव्हती. पुढे तरुण पिढीने ते उचललं. मारी बॉइने नावाच्या गायिकेचा १९८९चा ‘गुला गुला’ हा अल्बम तर जगभर गेला. बोटीवर परतल्यावर मी तो मिळवून ऐकला.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती शिक्षकांसमोर मुद्दाम सांगतो. तिचा नवरा शाळेत शिकवायचा. ती म्हणाली, आमच्याकडे १९६८ पासून एक सरकारी संस्था गावोगावी गवई-वादक पाठवते, शाळांमध्येसुद्धा. बेटावरच्या वीस पोरांच्या शाळेतही बोटीने वादक जातो, पेटीतून वाद्य काढतो आणि वाजवतो. २००१ पासून त्यांनी याला नाटक, नाच, चित्रं वगैरे सगळं जोडून देशभरची योजना केली आहे. तिचं नाव मराठीत करायचं तर ‘संस्कृतीचं दप्तर’. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, आपल्याकडे वादक पाठवायची गरजच नव्हती, ती शाळेच्या भिंतीपलीकडे राहत होती. बोलवायला कुणी गेलं नाही. मी तर घरातलाच होतो.

आता इथून पुढची गोष्ट पडल्यावर शहाणपण सुचलेल्या माणसाची आहे. सुट्टीवर आलो तेव्हा डोक्यात एकच: आजीचे धवले गोळा करायचे. आईला दहा-बारा तुकडे येत होते, सलग एकही नाही. आत्याला चाल यायची, शब्द नाही. शेवटी कळलं की आपल्याच वर्गातली एक मैत्रीण लहानपणी आजीच्या मागे बसायची, तिला येतात. तिचं नाव घेणार नाही, तिनेच तशी ताकीद दिली आहे. तुम्हाला ती स्नेहसंमेलनात सिनेमाचं गाणं म्हणणारी म्हणून आठवेल. धवले येतात हे तिनेही चाळीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. सासरी तर नाहीच.

मी मोठ्या उत्साहात तिच्याकडे गेलो. म्हटलं, आपण कार्यक्रम करू. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, पनवेलला फडके नाट्यगृह आहे, आता उरणची लोकल सुरू झाली, अटल सेतू झाला, मुंबईचे लोकसुद्धा येतील. तू मंचावर बस, मागे पाच-सहा बायका, मी निवेदन करतो. नार्विकचं सगळं वर्णन केलं. कोट टांगलेले सांगितले, शांतता सांगितली.

तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “लग्न कुणाचं?”

म्हटलं, लग्न नाही, कार्यक्रम.

“मग देव कशाला बोलावू? आले आणि विचारलं नवरी कुठंय, तर काय सांगू?”

मला उत्तर सुचलं नाही. मी योइकचं सांगून बघितलं की ते लोक मंचावर करतात. ती म्हणाली, त्यांचं त्यांना माहीत. यावर आमचं दोन वर्षं भांडण चाललं आहे. मला अजूनही वाटतं की मंचावर आलं नाही तर ते मरेल. तिला वाटतं की मांडवातून उठवून मंचावर बसवलं तर ते मेलेलंच असेल, फक्त टाळ्या पडतील. कोण बरोबर, मला ठरवता येत नाही. नार्विकच्या त्या बाईलाही कुणीतरी असंच म्हणालं असेल आणि तरीही ती गायली, एवढं मला दिसतं. पण त्या सभागृहात तिची माणसं होती, तिचा दिवस होता. ते नाट्यगृह खरं तर त्या संध्याकाळचा मांडवच होतं. वाशीला तिकीट काढून आलेल्यांचा तसा मांडव होईल का, हे तिचं विचारणं खोटं नाही.

एवढं मात्र तिने केलं. तीन दुपारी माझ्या मोबाइलमध्ये तिने धवले रेकॉर्ड करू दिले. देव बोलावण्याचा धवला सोडून. तो नाही म्हणाली. आज सकाळी मी ते आपल्या शाळेच्या ग्रंथालयासाठी पेन ड्राइव्हमध्ये दिले आहेत, कागदावर उतरवून घ्यायचं काम बाकी आहे. मराठीच्या नव्या शिक्षकांना मी विनंती केली आहे की महदंबा शिकवताना पोरांना ते ऐकवा, आणि कुणाच्या घरी कुणाला येतं ते पोरांनाच विचारा.

आणि उरलेला धवला? माझ्या मुलीचं लग्न ठरलं आहे, त्याचं आमंत्रण आज इथूनच देतो, पत्रिका नंतर येईल. हळद आमच्या जुन्या घरासमोरच आहे, हॉल घेतलेला नाही. आपली मैत्रीण गाणार आहे, माझ्या आईचे दहा-बारा तुकडे आणि आत्याची चालही मदतीला असेल. तिची अट अशी आहे की मांडवात माइक नको आणि मध्ये कुणी तिच्या कानात येऊन काही बोलायचं नाही. दुसरं वाक्य बोलताना तिने माझ्याकडे बघितलं. तिला कुणी सांगितलं, मला माहीत नाही. बहुधा ती त्या रात्री तिथेच होती.

हळद सहाला सुरू होईल. डीजेवाल्याला मी दहाची वेळ दिली आहे, आणि दहा वाजले तरी धवला संपला नसेल तर त्याने रस्त्यावर गाडीतच बसून राहायचं, असं ठरलं आहे. त्याचे जादा तासाचे पैसे मी आधीच दिले आहेत.