शिकाऊ विमान

मंडळी, आज तुम्हाला एका विमानाची गोष्ट सांगतो. तुम्ही म्हणाल, गुरुजी, आमचं अन् विमानाचं काय नातं? ऐका, म्हणजे कळेल.

नवा गोऱ्हा औताला कसा लावतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याला शहाण्या, जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतात. गोऱ्हा उधळू पाहतो. जुना बैल त्याला सावरतो. हळूहळू गोऱ्हा सरळ तासाने चालू लागतो.

विमान चालवायलाही असेच शिकवतात. शिकाऊ विमानात शिष्यापुढे एक दांडा असतो आणि गुरूपुढे दुसरा. दांडा मागे ओढला की विमानाचे नाक वर होते. पुढे लोटला की खाली जाते. हे दोन्ही दांडे आतून एकमेकांना जोडलेले असतात. एक हलला की दुसरा हलतो. त्यामुळे शिष्याच्या हाताची चूक गुरूच्या हाताला लगेच कळते.

शिष्याने नाक फार वर केले तर विमानाचा वेग कमी होतो. पंखांना हवेचा आधार पुरत नाही आणि विमान खाली येऊ लागते. म्हणून गुरू आधी विमान खूप उंच नेतो. तिथे ही चूक मुद्दाम करायला लावतो आणि ती सुधारायलाही शिकवतो. खाली भरपूर जागा असते, म्हणून सावरायला वेळ मिळतो.

आपल्या देशात पूर्वी टायगर मॉथ नावाच्या इंग्रजी विमानावर शिकवीत. त्याला एकावर एक असे दोन पंख होते. मग पर्सिव्हल प्रेंटिस हे इंग्रजी विमान आले. ते १९४६ साली पहिल्यांदा उडाले. त्याला वरचा पंख नव्हता. डावीकडे एक, उजवीकडे एक, असे पक्ष्यासारखे पंख. गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसत. 'प्रेंटिस' म्हणजे उमेदवार. नावातच शिकणे आहे.

ही विमाने पुढे बंगळूरच्या कारखान्यातही बांधली. तो कारखाना १९४० साली शेठ वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साथीने काढला. वालचंद आपल्या शेजारच्या सोलापूरचे. पुढे कारखाना सरकारने घेतला. प्रेंटिसचे नकाशे मात्र इंग्रजांचेच. आपण ते गिरवीत होतो. गिरवण्यात कमीपणा नाही. हात त्यानेच बसतो.

त्याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे हे मराठी गृहस्थ होते. जर्मनीत जाऊन, प्रांटल नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते विमानविद्या शिकून आले होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतः नकाशे काढून शिकाऊ विमान केले. नाव एच. टी. २. ते १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडाले. त्यात एकामागे एक दोन जागा आणि दोन दांडे होते. इंजिन मात्र इंग्रजी होते, तेही सांगितले पाहिजे. पण आकार आपला, हिशेब आपला. पुढे कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. आफ्रिकेतल्या घाना देशाने १९५९ साली हवाई दल उभारले, तेव्हा त्यांनीही ही विमाने घेतली.

आता शेवटचा धडा. एक दिवस गुरू विमानातून खाली उतरतो. शिष्याला म्हणतो, "जा आता एकटा." गुरू जमिनीवर उभा राहून वर बघत राहतो. त्याच्या हातात आता दांडा नाही. मला वाटते, त्या वेळी शिष्यापेक्षा गुरूचीच छाती जास्त धडधडत असेल.

मला हा धडा उशिरा कळला. आमच्या साक्षरता वर्गात एक म्हातारे बाबा येत. अंगठा लावायची त्यांना लाज वाटे. सही शिकायची होती. त्यांचे अक्षर वाकडे आले की मी पाटी पुसून टाकी. मग त्यांचा हात धरून स्वतःच लिही. महिनाभर असेच चालले. सही मोत्यासारखी येऊ लागली. पण पैसे काढायला गेले तेव्हा हात हलेना. शाईची डबी पुढे आली आणि बाबांनी अंगठा लावला.

बाबा वर्गाला येईनासे झाले. मी घरी गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, तुमी व्हता तवर हात चालत व्हता."

चूक बाबांची नव्हती, माझी होती. मी दांडा सोडलाच नव्हता. त्यांना पुन्हा वर्गात आणले. शेजारी बसलो, पण हात लावला नाही. अक्षरे वाकडी आली, काना सुटला, वेलांटी उलटी पडली. मी गप्प बसलो. ते फार कठीण गेले. दोन महिन्यांनी बाबांनी कागदावर आपल्या हाताने सही केली. वाकडी होती, पण त्यांची होती.

तेव्हा मंडळी, आजपासून तुमची पाटी मी पुसणार नाही. चुकले तर तुम्हीच पुसा आणि पुन्हा लिहा. मी इथेच शेजारी बसलो आहे.