सणाचे ताट आणि उतरलेले वजन

(पाली, जि. रत्नागिरी येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



मुंबई-गोवा महामार्गास कोल्हापूरची वाट जेथे मिळते, त्या या पालीत मुंबईकर व गावकरी आज एका पंक्तीस बसणार आहेत. पंक्तीपूर्वी पथ्याचे बोलणे म्हणजे रसभंगच होय. परंतु विषय निकडीचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची जी देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात शंभर प्रौढांमागे सुमारे ११ जणांस मधुमेह आढळला. आपली कुटुंबे यास अपवाद आहेत असे मानण्यास आधार नाही. म्हणूनच आपल्यापैकी कित्येकांनी कष्टाने वजन उतरविले आहे. ते पुन्हा चढू नये, ही आता खरी चिंता.

वजन उतरविण्याहून ते टिकविणे अवघड, यास कारण आहे. हलक्या झालेल्या देहास पूर्वीपेक्षा कमी अन्न पुरते. भूक मात्र वाढते. निदान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकविणाऱ्यांची एक नोंदवही अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली. तीतील बहुतेक लोक नियमाने वजन पाहतात व रोज सुमारे तासभर चालण्यासारखे श्रम करतात.

मग कोंबडीवडे सोडावेत काय? आमचे उत्तर, मुळीच नाही. जे सर्वस्वी वर्ज्य करावे, त्याचीच ओढ लागते. पदार्थ ठेवावा, त्यातील भार हलका करावा. एक ग्रॅम तेलातुपापासून ९ उष्मांक मिळतात, तितक्याच साखरेपासून ४. म्हणजे भार मुख्यतः कढईत आणि खवणीत आहे. ओल्या खोबऱ्याचा सुमारे तिसरा हिस्सा स्निग्धांशच असतो. वाटपात खोबरे निम्मे करून भाजलेला कांदा वाढवावा. रश्शाचा दाटपणा जात नाही. कोंबडीची कातडी काढावी. वडे दोनच घ्यावेत व पुढची भूक नाचणीच्या भाकरीने भागवावी. सोलकढीस नारळाचे पातळ, दुसरे दूध घ्यावे, अथवा नुसते कोकमाचे सार करावे. मोदक तळणीचे न करता उकडीचे करावेत. मात्र गूळ हीदेखील साखरच, तेव्हा उकडीचा मोदकही मोजूनच खावा. आणि हा स्वयंपाक एकट्या पथ्यकऱ्यासाठी वेगळा मांडण्याचा भार गृहिणीवर टाकू नये; हलके रांधलेले सर्वांनीच खावे.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे आग्रह हे प्रेमाचे लक्षण मानतात. जेवणाऱ्याने हात आडवा धरला तरी "आमच्यासाठी एक" म्हणून वडा पानात पडतोच. खावा तर नियम मोडतो. टाकावा तर अन्नाचा आणि रांधणारीचा अवमान होतो. शेवटी तो गृहस्थ पंक्तीस येईनासाच होतो. पथ्यापायी आपला माणूस आपल्याच पंक्तीस मुकावा, यापरते दुर्दैव कोणते? म्हणून आमची नम्र सूचना अशी की, वाढप्यांनी एकवार विचारावे आणि 'पुरे' म्हणताच पुढे जावे. हा दंडक आजच्या पंक्तीपासूनच पाळावा.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आहारातील बदल डॉक्टरांस विचारूनच करावेत.